जुन्या ट्रकला पर्यायी पत्रे बसविणे : मापदोषांची कारणे व निराकरण

प्रास्ताविक

अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९६७ ते १९७२ या काळात बाजारात आणलेले शेव्हरोले व जीएमसी पिकअप ट्रक जुन्या वाहनांच्या पुनरुज्जीवनात आजही विशेष मागणीत आहेत. या ट्रकांच्या मडगार्डांची खालची टोके, दाराखालचा उंबरठ्यासारखा पत्रा आणि केबिनचे मागील कोपरे हमखास गंजतात. मूळ कारखान्याचे पत्रे आता सहसा मिळत नसल्याने इतर उत्पादकांनी घडविलेल्या पर्यायी पत्र्यांवर अवलंबून राहावे लागते. ते तुलनेने स्वस्त असतात. परंतु त्यांतील अनेक पत्रे जागेवर नीट बसत नाहीत. पत्र्यावर वाचविलेला पैसा मग मजुरीत जातो. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे व ती दूर करण्याची पद्धती यांचा विचार केला आहे.

दोषाचे मूळ

पोलादी पत्रा दाबयंत्रात साच्याचा आकार घेतो, पण दाब निघताच किंचित उसळून मागे येतो. ही उसळी किती व कोठे होते हे पाहून मूळ उत्पादक साचा पुनःपुन्हा सुधारत असे. पर्यायी उत्पादकाजवळ मूळ आराखडा बहुधा नसतो. तो एखाद्या उपलब्ध पत्र्याचीच मापे घेतो. तो नमुना आधीच वाकलेला किंवा दुरुस्त केलेला असेल, तर त्याचे व्यंग प्रत्येक प्रतीत उतरते. शिवाय साच्यावरील खर्च वाचविला की कडा बोथट होतात, उभार सपाट पडतात आणि बोल्टची छिद्रे सरकतात. वाहतुकीत खोक्याला बसलेला मार वेगळाच.

अपघातग्रस्त मोटारींच्या पर्यायी भागांबाबत हा प्रश्न अमेरिकेत पूर्वीच गाजला आहे. अशा भागांना प्रमाणित करण्यासाठी १९८७ मध्ये ‘कापा’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या कसोट्यांत भाग प्रत्यक्ष वाहनावर बसवून पाहणे हीही एक कसोटी आहे. १९९९ मध्ये इलिनॉय राज्यातील न्यायालयाने असे भाग वापरण्यावरून स्टेट फार्म या विमा कंपनीविरुद्ध एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फिरविला. अर्धशतकापूर्वीच्या ट्रकाच्या पत्र्यांना मात्र अशा प्रमाणपत्राचा आधार क्वचितच लाभतो. तेथे पारख कारागिरालाच करावी लागते.

काही वेळा दोष पत्र्याचा नसून निवडीचा असतो. या मालिकेत १९६९ मध्ये बॉनेटचा दर्शनी आकार बदलला, तर मडगार्डावरील बाजूचे दिवे १९६८ पासून आले. १९६७ च्या ट्रकाला नंतरचे मडगार्ड लावल्यास दिव्याचे छिद्र उघडे राहणारच.

प्रमाण कोणते?

नवा पत्रा बसेना की तो कापण्याकडे कल होतो. ही घाई घातक ठरते, कारण ज्या ट्रकावर पत्रा बसवायचा तो ट्रकही सरळ असेलच असे नाही. चॅसी व केबिन यांमधील रबरे दबलेली असतात. बिजागरीच्या खिळी झिजून दारे लोंबलेली असतात. म्हणून प्रथम चॅसी समपातळीत आणावी, रबरे बदलावीत आणि दार केबिनच्या चौकटीत नीट बसवावे. पुढच्या सर्व पत्र्यांना तेच दार प्रमाण ठरते. जुना पत्रा कितीही सडलेला असला तरी काम संपेपर्यंत भंगारात टाकू नये. छिद्रांची व कडांची खात्रीलायक मापे त्याच्यावरच मिळतात.

दाराखालचा पत्रा बदलताना विशेष दक्षता हवी. तो कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आतून आडव्या-तिरक्या सळया जोडल्या नाहीत, तर केबिन खचते व चौकटीचा आकार बदलतो. नवा पत्रा आधी केवळ टाके मारून धरावा, दार लावून पाहावे आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे.

भारतात दीर्घकाळ अनेक ट्रक केबिनविना, नुसत्या चॅसीच्या रूपात विकले जात आणि बांधणी करणारे कारागीर प्रत्येक गाडीवर मापे घेऊन केबिन उभारीत. तेथे पत्रा गाडीपुरताच घडत असल्याने हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नसे.

जुळवणी

प्रथम बॉनेट केबिनच्या पुढील पट्टीशी जुळवावे, नंतर मडगार्डे दाराशी व बॉनेटशी. सर्व बोल्ट हाताने, सैल लावावेत. एक जरी आधी आवळला तरी दोष दुसऱ्या टोकाला ढकलला जातो. रेडिएटरच्या चौकटीखाली पातळ चकत्या घातल्या की पुढचा भाग उचलला जातो आणि मडगार्ड व दार यांमधील फट वरच्या बाजूस कमी, खाली जास्त होते. मडगार्ड सदोष म्हणून बाजूला टाकण्यापूर्वी हा साधा उपाय करून पाहावा. कित्येकदा तेवढ्यानेच भागते.

एवढे करूनही फट जुळली नाही तर छिद्र कानशीने लांबट करावे. कड घासताना दुमडलेला पत्रा झिजून उलगडण्याचा धोका असतो. फट रुंद असल्यास कडेवर वेल्डिंगची भर घालून ती घासून रेषेत आणता येते. मात्र टाके दूरदूर मारून प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा, अन्यथा उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो. पुट्टीने कड घडविणे हे मात्र निकृष्ट काम होय. दार दोन-चारदा आपटताच ती तडकते. बॉनेट बसल्यावर त्याची मुख्य कडी व सुरक्षेची दुसरी कडी दोन्ही स्वतंत्रपणे अडकतात का, हे तपासावे. धावत्या गाडीत उघडलेले बॉनेट थेट चालकाच्या काचेवर येते.

ही सारी जुळवणी रंगापूर्वीच पूर्ण व्हावी. पत्र्यांवरील काळा लेप पुष्कळदा केवळ वाहतुकीतील गंज टाळण्यापुरता असतो, त्यामुळे त्याच्या चिकाटीची परीक्षा न घेता त्यावर रंग चढवू नये. पत्रे उतरविण्यापूर्वी बिजागऱ्या व पट्ट्यांतून बारीक खुणेची छिद्रे पाडल्यास रंगानंतर ते पूर्वीच्याच जागी परत लावता येतात. प्राथमिक लेप, रंग व वरचा चकाकीचा थर दोन्ही कडांवर चढतो आणि फट तेवढी अरुंद होते; म्हणून उघड्या पत्र्यावर ती किंचित मोकळी ठेवावी.