आदिलाबादचा खासदार, दिल्लीतला गट

संसदीय पक्ष: एकाच पक्षाच्या लोकसभा-राज्यसभा सदस्यांचा गट. सभागृहात नेता बोलतो, प्रतोद व्हिप (पक्षादेश) काढतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते.

1984: तेलुगू देसमचे 30 खासदार निवडून आले. हा प्रादेशिक पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. या गटाचे नेते आताच्या तेलंगणातील आदिलाबादचे सी. माधव रेड्डी; 1952 मध्ये ते इथूनच समाजवादी म्हणून निवडून आले होते. मात्र अधिकृत विरोधी पक्षनेतेपद नाही. त्यासाठी एकूण जागांच्या एक दशांश, म्हणजे सुमारे 55 सदस्य लागत.

आदिलाबाद मतदारसंघ: 2009 पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव. विधानसभेच्या 7 जागा: सिरपूर, आसिफाबाद, खानापूर, आदिलाबाद, बोथ, निर्मल, मुधोळ. 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले; लोकसभेची हद्द तीच राहिली. जिल्हा आणि मतदारसंघ यांची गल्लत इथेच होते.

अलीकडचे खासदार
- 2009: रमेश राठोड, तेलुगू देसम
- 2014: गोडम नगेश, तेलंगण राष्ट्र समिती
- 2019: सोयम बापूराव, भाजप
- 2024: पुन्हा गोडम नगेश, पण भाजपचे