जुनी छोटी गाडी : गिअर हाताने की आपोआप?

दोन-तीन लाख रुपयांत घरासाठी पहिली गाडी शोधणाऱ्या कुटुंबापुढे आज एक प्रश्न हमखास उभा राहतो. आठ-दहा वर्षे वापरलेली तीच छोटी गाडी बाजारात दोन रूपांत मिळते. एकीत डाव्या पायाखाली क्लच असतो, दुसरीत नसतो. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात शिरताना किंवा पर्वरीच्या रांगेत अर्धा तास क्लच दाबत बसलेल्या माणसाला दुसरी गाडी वरदान वाटते. ओळखीचा मेकॅनिक मात्र मान हलवतो आणि मॅन्युअलच घेण्याचा सल्ला देतो. दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले असते. पण ऑटोमॅटिक हे एकाच यंत्राचे नाव नव्हे, ही गोष्ट त्यात बहुधा निसटते. जुन्या गाडीच्या बाबतीत विचाराची सुरुवात तिथूनच करणे हिताचे ठरते.

एका नावाखाली वेगवेगळी यंत्रे

इंजिनाचा जोर ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेतच पुरेसा मिळतो. गाडी थांबलेली असो, चढणीवर असो वा सपाट रस्त्यावर धावत असो, तो जोर चाकांना सोसेल अशा प्रमाणात पोहोचवणे हे गिअरबॉक्सचे काम. गिअर बदलताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. ते काम क्लच करतो. मॅन्युअल गाडीत ही दोन्ही कामे चालकाच्या हातापायांकडे असतात.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत सर्वाधिक आढळणारे ऑटोमॅटिक म्हणजे 'एएमटी'. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सेलेरिओ आणली आणि हे तंत्र सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. पुढे अल्टो के-१०, वॅगन-आर, टाटा टियागो, रेनॉ क्विड अशा अनेक गाड्यांत ते दिसू लागले. एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचप्लेटही तीच. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे मात्र संगणकाच्या आज्ञेनुसार चालणारे एक उपकरण करते. काही गाड्यांत ते तेलाच्या दाबावर चालते, काहींत विद्युत मोटरवर. गिअर बदलताना गाडी क्षणभर अडखळल्यासारखी वाटते, त्याचे कारण हेच. तिथेही संबंध तोडून पुन्हा जोडला जात असतो. फरक इतकाच की पाय दुसऱ्याचा असतो.

दुसरा प्रकार 'टॉर्क कन्व्हर्टर'. ह्युंदाई आय-१०, मारुतीची ए-स्टार आणि रिट्झ यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत चार गिअरचे हे यंत्र होते. होंडा ब्रिओत पाच गिअरचे. यात घर्षणाने झिजणाऱ्या नेहमीच्या क्लचप्लेटऐवजी इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे दिला जातो. त्यामुळे गाडी अलगद सुटते आणि रांगेत सहज सरकते. या यंत्राचे सारे आयुष्य मात्र त्याच्या तेलावर अवलंबून असते.

तिसरा प्रकार 'सीव्हीटी'. निसान मायक्रा आणि २०१५ पासूनची होंडा जॅझ ही त्याची परिचित उदाहरणे. त्यात पुढे जाण्यासाठी ठरावीक गिअर नसतातच. व्यास बदलू शकणाऱ्या दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो आणि वेगाचे प्रमाण अखंड बदलत राहते. चालवण्यास ही सर्वांत मऊ. पण पट्टा किंवा कप्पी खराब झाली, तर दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजच्या आवाक्याबाहेर जाते.

झीज दिसणारी आणि लपलेली

नवी गाडी घेताना सोय आणि किंमत यांची तुलना पुरते. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने केलेली झीजही खरेदीदार विकत घेत असतो, आणि खरा फरक इथे पडतो.

मॅन्युअल गाडीची झीज बोलकी असते. क्लच पेडल अगदी वर आल्यावरच गाडी सुटते, चढणीवर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो. ही लक्षणे कोणताही जाणता चालक ओळखतो. छोट्या गाडीचा क्लच संच मजुरीसह साधारणतः ५ ते १० हजार रुपयांच्या घरात बदलून होतो आणि हे काम सावंतवाडीपासून काणकोणपर्यंत कुठेही होऊ शकते. वाईटात वाईट किती खर्च येईल, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

एएमटीत हीच क्लचप्लेट झिजते. पण संगणक त्या झिजेशी जुळवून घेत राहतो आणि दोष बराच काळ झाकला जातो. क्लच बदलल्यावर संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते आणि त्यासाठी योग्य स्कॅनर लागतो. क्लच बदलला पण ही जुळणी केली नाही, तर गाडी पूर्वीहून अधिक झटके देते. क्लचखेरीज त्याला हलवणाऱ्या उपकरणाचाही खर्च संभवतो. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत विजेच्या जोडण्यांना गंज धरतो, हेही विसरता येत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी यांची झीज आणखी खोल दडलेली असते. तेल वेळेवर बदलले असेल तर ही यंत्रे दीर्घकाळ तक्रार करत नाहीत. ते बदललेच नसेल किंवा चुकीच्या प्रतीचे भरले असेल, तर दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होऊ शकतो. अशा गाडीत किलोमीटरच्या आकड्याहून सर्व्हिसच्या नोंदी अधिक मोलाच्या असतात.

चढण, फेरीबोट आणि घाट

गोव्यातील रस्ते या यंत्रांची कसोटी पाहतात. पणजीतील आल्तिनोच्या चढणीवर पुढची गाडी थांबली की मॅन्युअलचा चालक हँडब्रेक ओढतो आणि क्लच धरून पुन्हा सुटतो. टॉर्क कन्व्हर्टर असलेली गाडी साधारण चढणीवर मागे सरत नाही. सुरुवातीच्या अनेक एएमटी गाड्यांत मात्र चढणीवर गाडी धरून ठेवणारी सोय नव्हती. ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत त्या मागे घरंगळतात. रायबंदर–चोडण फेरीबोटीतून ओहोटीच्या वेळी उतरताना, मागे बंपरला बंपर लावून दुसरी गाडी उभी असताना, हा क्षण फार मोठा वाटतो. यावर उपाय जुनाच आहे. हँडब्रेक ओढावा, ॲक्सिलरेटर हलका दाबावा आणि गाडी पुढे ओढू लागली की हँडब्रेक सोडावा.

ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून एएमटी चढणीवर तोलून धरण्याची सवय सर्वांत घातक. त्या वेळी क्लचप्लेट घसरत आणि तापत असते. चालकाला ते पायात जाणवत नाही, एवढेच. रांगेत इंच-इंच सरकत राहिल्यानेही तसेच होते. पुढे थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना खालचा गिअर लावून इंजिनाच्या रोधाने वेग आवरणे आवश्यक असते. मॅन्युअलमध्ये ते हातातच असते. एएमटीत 'एम' स्थितीत जाऊन खालचा गिअर निवडता येतो, तर जुन्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये '२' किंवा 'एल' या स्थिती त्यासाठीच असतात. गाडी 'डी'मध्ये ठेवून सारा घाट ब्रेकवर उतरल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. आणि घाटात न्यूट्रल तर कोणत्याच गाडीने करू नये.

बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी ढकलून सुरू करता येते. ऑटोमॅटिकला दुसऱ्या बॅटरीचा आधार लागतो. बंद पडलेली छोटी ऑटोमॅटिक पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढत नेल्यास गिअरबॉक्स बिघडू शकतो. या गाड्यांची पुढची चाकेच गिअरबॉक्सला जोडलेली असतात; म्हणून ती चाके उचलून किंवा गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी.

इंधनाचा हिशेब

ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल अधिक पिते, ही समजूत जुन्या चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरबाबत खरी आहे. एएमटीला ती लागू पडत नाही. २०१४ च्या सेलेरिओचा अधिकृत चाचणीतील आकडा मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींसाठी लिटरला २३.१ किलोमीटर असाच होता. रस्त्यावर तेवढे अंतर मिळत नाही. पण दोघींमधला फरक यंत्रापेक्षा चालकाच्या पायावर अधिक ठरतो.

खरेदीपूर्वी काय पाहावे

गाडी पाहायला जाण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला आवर्जून सांगावे. थंड यंत्र दोष लपवू शकत नाही. मॅन्युअल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावर आणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा; फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपत आला आहे. सर्व गिअर विनाआवाज पडतात का, तेही पाहावे.

एएमटी गाडी किमान अर्धा तास, शक्यतो रहदारीत चालवावी. गिअर पडण्यास विलंब, मध्येच न्यूट्रल होणे, चढणीवर रिव्हर्स घेताना थरथर, डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा ही नकाराची कारणे आहेत. स्कॅनर लावून संगणकातील नोंदी वाचून घेण्याचा खर्च किरकोळ असतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाची कांडी असेल तर ती काढून पाहावी. तेल लालसर आणि स्वच्छ असावे. काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर सौदा तिथेच थांबवावा. 'पी'मधून 'डी' किंवा 'आर'मध्ये जाताना मोठा धक्का बसणेही शुभ लक्षण नव्हे. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर कोणत्याही गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसू शकते. पावसाळ्यानंतर विकायला निघालेल्या गाडीत हे हटकून तपासावे.

खासगी गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. बारा वर्षांच्या गाडीवर मोठी दुरुस्ती ओढवून घेण्यापूर्वी हा उरलेला काळ ध्यानात घ्यावा.

कोणासाठी कोणती?

नोंदी नसलेली, दोन-तीन हातांतून फिरलेली गाडी असेल आणि खरेदीनंतर गाठीला फारसे पैसे उरणार नसतील, तर मॅन्युअल हाच शहाणपणाचा पर्याय आहे. त्यातील दोष पाहता येतात आणि परवडतात. डावा गुडघा दुखतो म्हणून गाडी चालवणेच सोडून दिलेल्या गृहिणीसाठी, रोज रांगेत अडकणाऱ्या नोकरदारासाठी किंवा साठीनंतर स्वतः दवाखान्यापर्यंत जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठासाठी मात्र ऑटोमॅटिक ही चैन ठरत नाही. त्यांनी एकाच मालकाची, पूर्ण नोंदी असलेली गाडी शोधावी, त्यासाठी दोन महिने थांबावे लागले तरी थांबावे, आणि क्लच किंवा तेल बदलण्याची रक्कम खरेदीच्या पैशांतून आधीच बाजूला काढावी. जवळचे गॅरेज त्या विशिष्ट यंत्राचे काम करते का, हे आगाऊ पैसे देण्यापूर्वी विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर कितीही स्वस्तात मिळणारी ऑटोमॅटिक शेवटी महागच पडते.