छोटा सीएनसी लेथ घेताना

सातपूर-अंबडच्या गाळ्यांना मायक्रॉनची भाषा नवी नाही. सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या ‘मायको’त, डिझेल इंजेक्टरचे भाग बनतात. तरीही मशीन घेताना पहिला प्रश्न किमतीचाच निघतो. आधी जॉब टेबलावर ठेवा.

२०-२५ मिलिमीटरपर्यंतचे, आखूड, चार-पाच टूल्समध्ये संपणारे भाग असतील, तर गँग टूल लेथ पुरतो. टरेट फिरण्याचा वेळ वाचतो. पिना, बुश, नोझल यांच्या हजारोंच्या लॉटमध्ये हे सेकंदच नफा ठरवतात. ऑपरेशन्स वाढली, की टरेट हवा. लांबी व्यासाच्या तीन-चार पटींपुढे गेली, की बारीक जॉब टूलच्या दाबाने वाकतो. तिथे टेलस्टॉक किंवा स्लायडिंग हेड.

कॅटलॉगमधला स्पिंडल बोअर फसवा असतो. ड्रॉ-ट्यूबमधून जाणारा बार त्याहून बारीक असतो, म्हणून ‘बार कपॅसिटी’ वेगळी विचारा. एक्स अक्षात ५ मायक्रॉन चूक झाली, तर व्यासात १० दिसते. त्यामुळे रिपीटेबिलिटीचा आकडा छापील कागदावर पाहू नका. आपलाच जॉब चालवून सलग ५० नग मोजा. शक्यतो एप्रिलच्या दुपारी! १०० मिलिमीटरचा पोलादी दांडा १० अंशांनी तापला, की सुमारे ११-१२ मायक्रॉन वाढतो. स्पिंडलही तापला, की त्याच नियमाने वाढतो.

कंट्रोलर मात्र आपल्या ऑपरेटरच्या हाताला सरावलेलाच घ्या.