दहा माणसांचे विमान

बॉम्बर म्हणजे बॉम्ब टाकणारे विमान. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडे बी-17 नावाचे बॉम्बर होते. त्याला चार इंजिने असत. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते 31 मीटरांहून जास्त भरे. मी मैदानात पावले टाकून पाहिली, तर वडापासून हापशापर्यंतची जागासुद्धा पुरली नाही!

त्यात दहा माणसे असत. दोघे चालवणारे, एक नकाशा बघून वाट सांगणारा, एक बॉम्ब टाकणारा, एक इंजिनांवर लक्ष ठेवणारा आणि एक रेडिओवाला. बाकीचे बंदुका घेऊन. त्यातला एक विमानाच्या पोटाखाली, धातूच्या नि काचेच्या गोळ्यात, गुडघे पोटाशी घेऊन तासन् तास बसायचा. मला त्याचे फार वाईट वाटते.

असेच एक विमान होते, 'मी अमिगो'. स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'माझा मित्र'. 22 फेब्रुवारी 1944 रोजी ते इंग्लंडहून डेन्मार्कमधल्या आल्बोर्गच्या विमानतळावर बॉम्ब टाकायला निघाले. (हे ऐकून आमची आजी म्हणाली, अरे, खाली पण माणसंच असतात की!) जर्मन विमानांच्या गोळ्या लागून ते मोडकळीला आले. परत येताना संध्याकाळी पाचच्या सुमारास शेफील्ड शहरातल्या एन्डक्लिफ बागेच्या झाडीत पडले. दहाही जण गेले.

बागेत मुले खेळत होती, म्हणून वैमानिकाने विमान मुद्दाम झाडीकडे नेले, असे तिथले लोक सांगतात. खरे काय ते सांगायला विमानातला कोणी उरलाच नाही. पण जमिनीवरचे कोणी दगावले नाही, एवढे नक्की. वैमानिकाचे नाव जॉन क्रीग्सहाउझर. वय फक्त 23. घर लांब अमेरिकेत, मिसूरी राज्यात.

1969 साली तिथे स्मृतिशिला बसवली आणि दहा ओकची झाडे लावली. शिळेवर दहाही नावे आहेत, पोटाखाली बसणाऱ्याचेसुद्धा. दर फेब्रुवारीत लोक येऊन फुले वाहतात.

आपण तेव्हा त्या बागेत खेळत होतो, असे सांगणारे एक आजोबा कित्येक वर्षे ती जागा झाडून स्वच्छ ठेवत. विमानांनी वरून जाऊन सलामी द्यावी, अशी त्यांची फार इच्छा होती. 22 फेब्रुवारी 2019 ला, बरोबर 75 वर्षांनी, सकाळी पावणेनऊला ब्रिटन आणि अमेरिकेची लढाऊ विमाने खरोखर आली. हजारो लोक माना वर करून उभे होते. विमाने काही क्षणांत निघूनही गेली.

— इयत्ता चौथी