अठ्ठावीस अंगुळांचा हात

गिझाच्या महापिरॅमिडविषयी एक विधान पुन्हा पुन्हा कानावर येते. त्याच्या पायाची परिमिती उंचीच्या दुपटीने भागली की २२/७, म्हणजे वर्तुळाच्या गणितातील पाय ही संख्या मिळते. त्यावरून प्राचीन इजिप्तच्या मापांत काही गुप्त गणित दडवलेले आहे, असे सांगितले जाते. भागाकार बरोबर आहे. पायाची एक बाजू ४४० हात, उंची २८० हात. १७६० भागिले ५६०. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

इजिप्तचा ‘राजहात’ सुमारे साडेबावन्न सेंटिमीटरचा होता. चार अंगुळांचा एक तळवा आणि सात तळव्यांचा एक हात, म्हणजे एकूण अठ्ठावीस अंगुळे. याशिवाय सहा तळव्यांचा, चोवीस अंगुळांचा लहान हातही प्रचारात होता. आपल्या ‘तिलोयपण्णत्ती’तील हस्तही चोवीस अंगुळांचाच आहे. शरीरावरून माप घेतले की अशी साम्ये आपोआप उद्भवतात. त्यासाठी कोणी कोणाकडून शिकावे लागत नाही.

गवंड्याला उतार राखण्यासाठी कोन मोजण्याचे साधन नव्हते. तो एवढेच पाही, की एक हात उंच गेल्यावर भिंत किती तळवे आत घ्यायची. या मापाला ‘सेकेद’ म्हणत. महापिरॅमिडचा सेकेद साडेपाच तळवे आहे. सात तळवे वर, साडेपाच तळवे आत. आता साडेपाचाची चौपट बावीस होते आणि हातातील तळवे सातच. २२/७ आले ते येथून! शेजारीच खाफ्रेचा पिरॅमिड उभा आहे. त्याचा सेकेद सव्वापाच तळवे. तीच रीत लावली तर उत्तर येते २१/७, म्हणजे बरोबर तीन. खाफ्रे हा महापिरॅमिड बांधणाऱ्या खुफूचा पुत्र. मग पित्याला ठाऊक असलेले रहस्य पुत्र विसरला, असे मानावयाचे काय?

उत्तर आधी ठरवून आकडे मागाहून जुळविण्याचा मोह मोठ्या विद्वानांनाही आवरलेला नाही. चार्ल्स पियाझी स्मिथ हे स्कॉटलंडचे राजज्योतिर्विद होते. पिरॅमिडमध्ये ईश्वरदत्त ‘पिरॅमिड इंच’ आहे आणि पायाच्या बाजूत वर्षाचे दिवस साठवलेले आहेत, असे प्रतिपादन त्यांनी १८६४ साली ग्रंथरूपाने केले. फ्लिंडर्स पेट्री हा तरुण त्या मताने भारावलेल्या घरातलाच. १८८० साली तो स्वतः मोजणीस गेला. बाजू भरली सुमारे ९०६९ इंच. स्मिथ यांच्या सिद्धान्तास ती ९१४० च्या आसपास हवी होती. सहा फुटांच्या तफावतीने तो डोलारा कोसळला, आणि पेट्रीने आपली मापे १८८३ मध्ये जशीच्या तशी प्रसिद्ध केली. माझे आयुष्य बँकेच्या ताळेबंदांत गेले. श्रद्धेविरुद्ध निघालेली बेरीज न खोडता लिहून ठेवणाऱ्या माणसाविषयी मला विशेष आदर वाटतो.

इजिप्तच्या मापांतील खरे गणित पिरॅमिडपेक्षा धान्याच्या कोठारात अधिक सापडते. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास आहमोस नावाच्या लेखनिकाने जुन्या प्रतीवरून उतरवून घेतलेली पपायरसची गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तीत एक उदाहरण असे: गोल कोठाराचा व्यास ९ हात आणि उंची १० हात, तर धान्य किती मावेल? रीत सोपी आहे. व्यासाचा नववा भाग वजा करा, राहिले ८. आठ आठे ६४. उंचीने गुणून ६४० घनहात. एका घनहातात ३० ‘हेकात’ धान्य, म्हणून १९,२०० हेकात. एक हेकात म्हणजे पावणेपाच लिटरांहून किंचित अधिक. आजच्या सूत्राने तेच कोठार ६३६ घनहातांचे भरते. शेकडा अर्ध्याहून थोडी अधिक एवढीच चूक!

या रीतीने पायची किंमत ३.१६०५ ठरते. जैन परंपरेत दहाचे वर्गमूळ, ३.१६२३, घेतले जाते. म्हणूनच एक लक्ष योजने व्यासाच्या जंबूद्वीपाचा परिघ ३,१६,२२७ योजनांहून थोडा अधिक सांगितला आहे. आहमोसच्या रीतीने तो ३,१६,०४९ येईल. उत्तरे इतकी जवळ असली तरी वाटा निराळ्या: एकीकडे वर्गमूळ, तर दुसरीकडे नववा भाग वजा करण्याची कोठारवाल्याची युक्ती.

आपल्या वाचकांना त्या गुंडाळीतील एक व्यापारी उदाहरण अधिक जवळचे वाटेल. एका हेकात धान्यापासून जितक्या भाकरी होतील, तो त्या भाकरीचा ‘पेफ्सू’. दहा पेफ्सूच्या १०० भाकरी देऊन ४५ पेफ्सूच्या किती घ्याव्यात? शंभर भाकरींत धान्य १० हेकात. म्हणून बदल्यात ४५० भाकरी. भाकरी मोठी की लहान, यावर वाद घालण्याचे कारणच उरत नाही. सौदा धान्याच्या मापाशी बांधलेला आहे.

आणि माप खोटे केले तर? इजिप्तच्या ‘मृतांच्या ग्रंथा’त मृतात्मा न्यायदेवतांपुढे उभा राहून जी अपराधांची नकारघंटा वाचतो, तीत हिंसा व चोरी यांच्या बरोबरीने धान्याचे माप कमी केले नाही, तराजूच्या वजनांत भर घातली नाही, असेही त्याला सांगावे लागते. आपल्याकडे ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार दिले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना जास्तीचे आणि देताना कमतीचे माप वापरणे, हा चौथा आहे. आणि मालात भेसळ करणे हा पाचवा.