आपली वाट आपणच शोधणारे जाळे



आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात या क्षणी मोबाइल फोन आहे. त्यावरून परगावच्या मुलाला धाडलेला निरोप डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचतो. तो कोणत्या वाटेने गेला, असे मी विचारले तर आपल्याला सांगता येणार नाही. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. फोन कंपनीतल्या इंजिनिअरलाही ते चटकन सांगता यायचे नाही. कारण ती वाट कोणा माणसाने आखून दिलेलीच नसते. जाळ्यातली यंत्रे ती आपापसांत ठरवतात आणि एखादी तार तुटली तर नवी वाट शोधतात. ही यंत्रे ठरवतात कशी, आणि ठरवताना फसतात कशी, हा आजचा विषय आहे. मला स्वतःला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

पूर्वीच्या टेलिफोनची रचना झाडासारखी होती. गावातल्या तारा गावच्या एक्स्चेंजमध्ये, तिथल्या तारा मोठ्या शहरात. फांदी तुटली तर तेवढा भाग सुकावा, बुंधा तुटला तर सारेच संपावे, असा हा कारभार. १९६०च्या सुमारास अमेरिकेतील रँड या संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांना हीच गोष्ट खटकली. अणुयुद्धाच्या भीतीचा तो काळ होता. मोजक्या मध्यवर्ती ठाण्यांवर बाँब पडले तर देशातले दळणवळणच बंद पडणार होते. बॅरन यांनी सुचवले की मध्यवर्ती ठाणे नकोच. मासे धरण्याच्या जाळ्याला जशा गाठी असतात तशी सारखीच ठाणी असावीत आणि प्रत्येक ठाणे तीनचार शेजाऱ्यांना जोडलेले असावे. निरोपाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि हाती आलेला तुकडा प्रत्येक ठाण्याने त्या घटकेला सोयीच्या दिसणाऱ्या शेजाऱ्याकडे लगेच सरकवावा. या पद्धतीला त्यांनी नाव दिले 'गरम बटाटा'. हातात धरवत नाही, तेव्हा दे पुढे! १९६४ साली त्यांचे हे विवेचन अनेक खंडांत प्रसिद्ध झाले. अमेरिकेची लांब पल्ल्याची टेलिफोनसेवा तेव्हा ए.टी. अँड टी. कंपनीच्या हाती होती. तिला ते पटले नाही. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनाही स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली. तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव त्यांनीच दिले. आपण त्यांना पाकिटे म्हणू.

या कल्पनेवर उभे राहिलेले पहिले मोठे जाळे म्हणजे अमेरिकेतील आर्पानेट. ते अणुयुद्धासाठी बांधले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, पण ते खरे नाही. विद्यापीठांतील महागडे संगणक एकमेकांना वापरता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे पहिला शब्द पाठवण्यात आला. शब्द होता 'लॉगिन'. त्यातली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. असो.

आता या जाळ्यातली ठाणी वाट कशी ठरवीत, ते पाहू. प्रत्येक ठाण्याजवळ एक तक्ता असे. अमुक ठाण्याला जायचे तर कोणत्या शेजाऱ्याकडून जावे आणि वेळ किती लागेल, एवढीच त्यात नोंद. सेकंदाच्या सुमारे दोनतृतीयांश इतक्या अवकाशाने प्रत्येक ठाणे आपला तक्ता शेजाऱ्यांना कळवी आणि त्यांचे तक्ते पाहून आपला सुधारी. संपूर्ण जाळ्याचा नकाशा कोणाजवळच नव्हता. सगळा व्यवहार ऐकीव माहितीवर चाले.

ऐकीव माहितीचा गुण आपण जाणतोच. समजा, अ, ब आणि क अशी तीन ठाणी एका ओळीत आहेत. क ठाणे ब पासून एका टप्प्यावर आहे आणि अ पासून दोन. आता ब आणि क यांमधली तार तुटली. ब च्या ध्यानात ते आले. पण तेवढ्यात अ चा तक्ता आला, त्यात लिहिलेले, 'क माझ्यापासून दोन टप्प्यांवर.' अ ची ही वाट खुद्द ब वरूनच जाते, हे ब ला कुठे ठाऊक? त्याने हिशेब केला, अ पर्यंत एक आणि पुढे दोन, म्हणजे तीन. मग अ ने ऐकले की ब कडून तीन, म्हणून आपल्याकडून चार. त्यावर ब चे पाच. दोघे भाबडे गृहस्थ एकमेकांच्या भरवशावर आकडा वाढवीत बसतात आणि क कडे जायची पाकिटे दोघांमध्ये येरझारा घालीत राहतात. चांगली बातमी या जाळ्यात झपाट्याने पसरे, वाईट बातमी मात्र रेंगाळत पसरे.

म्हणून १९७९ साली पद्धत बदलली. शेजाऱ्याचे ऐकून सांगायचे नाही. आपल्या स्वतःच्या तारांवर किती विलंब लागतो तेवढेच मोजायचे आणि ते सर्व जाळ्याला कळवायचे. बातमी हाती आली की प्रत्येक ठाण्याने ती आपल्या सर्व शेजाऱ्यांना द्यायची. अशा प्रत्यक्ष साक्षी गोळा करून प्रत्येक ठाणे पूर्ण नकाशा तयार करी आणि जवळची वाट स्वतः काढी. मात्र एकाच ठाण्याच्या दोन बातम्या उलटसुलट क्रमाने आल्या तर ताजी कोणती? त्यासाठी प्रत्येक बातमीवर क्रमांक घालीत, ० ते ६३. त्रेसष्टानंतर पुन्हा शून्य, जसे घड्याळात बारानंतर एक. अर्थात नुसता मोठा आकडा म्हणजे नवी बातमी, असे म्हणता येईना. तेव्हा असे ठरले की वर्तुळावर पुढच्या अर्ध्या फेऱ्यात जो आकडा येतो तो नवा मानावा.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी हे जाळे एकाएकी ठप्प झाले आणि काही तास ठप्पच राहिले. इंजिनिअरांनी शोधले तेव्हा दिसले की एकाच ठाण्याच्या नावाच्या तीन बातम्या सर्वत्र फिरत आहेत. त्यांचे क्रमांक होते ८, ४० आणि ४४. संगणकाच्या दोनअंकी लिपीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक १ गळाला की ४० होतात, आणखी एक गळाला की ८ उरतात. एका ठाण्याच्या स्मृतीत बिघाड होऊन हे अंक गळाले होते. तारेवर झालेल्या चुका पकडण्याची सोय होती. ठाण्याच्या पोटात झालेली चूक मात्र पकडली गेली नाही.

आता नियम लावून पाहा. ८ पेक्षा ४० नवा. ४० पेक्षा ४४ नवा. आणि ४४ पासून पुढे मोजत गेले, तर ६३ ओलांडून अवघ्या अठ्ठावीस पावलांवर ८ येतो, म्हणजे ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक ठाणे येणारी प्रत्येक बातमी ताजी मानून शेजाऱ्यांना देत होते, आणि हे चक्र थांबण्याला कारणच नव्हते. ठाणी या बातम्यांतच गुंतली. पाकिटांकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही. एखादे ठाणे बंद करून पुन्हा चालू करावे, तर शेजारी त्याला त्याच तीन बातम्या तत्परतेने देत. श्रोतेहो, यातल्या बाकीच्या एकाही ठाण्याने नियम मोडला नव्हता. शेवटी माणसांनी एकेका ठाण्याला सांगितले, की त्या नावाने येणाऱ्या बातम्या मानू नका. तेव्हा कुठे जाळे सावरले.

आणखी एक खोड पुढे दिसून आली. मोकळ्या रस्त्याची खबर लागताच सगळी वाहने तिकडे धावली तर तोच तुंबतो आणि पहिला ओस पडतो; मग सगळी परत फिरतात. आर्पानेटवर गर्दीच्या वेळी नेमके हेच होई. १९८७ साली विलंबाचे माप बदलून, एका वेळी ते किती वरखाली व्हावे याला मर्यादा घातली. यंत्राने परिस्थितीशी जुळवून घ्यावे, हे खरे. पण थोडे सावकाश.

जाळी वाढत गेली तशी त्यांची देखभाल माणसांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली. २००१ साली आय.बी.एम.चे पॉल हॉर्न यांनी शरीराचे उदाहरण दिले. जिना चढताना हृदयाला 'जलद चाल' असे आपण सांगत नाही. ते काम स्वायत्त मज्जासंस्था परस्पर करते. तशीच यंत्रांनी स्वतःची प्रकृती सांभाळावी. २००३ साली डेव्हिड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकले. जाळे पाकिटे वाहते; पण ती कशासाठी, हे त्याला कळत नाही, म्हणून बिघाड झाला की त्याला कारणही सांगता येत नाही. जाळ्याच्या अंगी स्वतःविषयीचे ज्ञान असावे; काय साधायचे ते माणसाने सांगावे, कसे ते जाळ्याने पाहावे, असा त्यांचा विचार. या दिशेने आजही संशोधन चालू आहे.

पण ४ ऑक्टोबर २०२१ चा प्रसंग आठवा. त्या दिवशी फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीच्या संगणककेंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. अशा आज्ञा तपासणारे साधन होते, त्यातही दोष निघाला. बाहेरच्या जगाला फेसबुकचा पत्ता सांगणारी जी यंत्रे होती त्यांना शिकवलेले होते, की केंद्रांशी संपर्क तुटला तर समजा की आपणच आजारी आहोत, आणि जगाच्या नकाशावरून आपले नाव काढून घ्या. एखादे यंत्र आजारी पडते तेव्हा हा नियम उत्तम; दुसरे निरोगी यंत्र काम उचलते. त्या दिवशी मात्र सर्वांनी एकाच वेळी तो पाळला. दूर बसून दुरुस्ती करण्याच्या वाटा त्याच जाळ्यावरून जात होत्या, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावे लागले. आणि तिथले दरवाजे व यंत्रे कोणालाही सहज हात लावता येऊ नये अशाच बेताने बांधलेली होती, त्यामुळे आत पोचायलाही वेळ गेला.