चुकीच्या उत्तरामागचा नियम

५०३ मधून २६८ वजा केले की २३५ उरतात. पण एका वहीत ३६५ आलंय, दुसऱ्या वहीत ३३५. दोन्हींवर लाल फुली बसते आणि विषय तिथेच संपतो. जरा थांबून पाहा, या दोन चुका किती वेगळ्या आहेत! ३६५ लिहिणाऱ्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला: ८ मधून ३, ६ मधून ०, ५ मधून २. हातचा त्याच्या गावीही नाही. ३३५ लिहिणारीला हातचा येतो. तिने शून्याचे नऊ केले, एककाला दहा दिले; फक्त शतकातला एक कमी करायचा राहिला. दोघंही आपापला नियम काटेकोर पाळतात. त्याला हातचा मुळापासून शिकवायला हवा, तिला एकच पायरी.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली अशाच चुकांचा अभ्यास मांडला. त्यांच्या 'बगी' या खेळात संगणक चुकणारं मूल व्हायचा आणि भावी शिक्षक त्याची चूक हुडकायचे. केवढी सुंदर कल्पना! संगणकाने शिकवायचंच नाही, चुकायचं.

तेव्हा त्यासाठी खास प्रोग्राम लिहावा लागला. आज चॅटजीपीटीला साध्या मराठीत सांगता येतं: "तू तिसरीतला विद्यार्थी हो. हातच्याच्या वजाबाकीत तुझी एकच ठरावीक चूक होते. ती मला सांगू नकोस, मी देईन ती उदाहरणं त्याच चुकीने सोडव." मग शिक्षकाने उदाहरणं देत जायचं. खरी गंमत उदाहरण निवडण्यात आहे. ५८ वजा २३ दिलं तर वरची दोन्ही मुलं बरोबर ठरतील आणि काहीच कळणार नाही!

हे यंत्र अफाट मजकुरातून शिकून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितं. एवढ्यावर ते मुलाची चूक वठवतं, याने मी थक्क होतो. मात्र मध्येच ते बरोबर उत्तर देऊन बसतं किंवा भलतीच चूक करतं. म्हणून प्रत्येक उत्तर कागदावर पडताळायचं. मुलांची नावं तर त्याला कधीच द्यायची नाहीत.

चूक ओळखता आली की त्याच्याकडूनच सरावाची उदाहरणं मागावीत. ३३५ लिहिणारीसाठी दशकाच्या घरात शून्य असलेलीच हवीत: ४०२ वजा १५६, ६०५ वजा २३८. तिला दुसरं काही नको.